भिंतीवरचा सरंगा

पाठारे प्रभूच्या हातून व्याकरण चुकलं तर कुणी लक्ष देत नाही, कचेरीत आकडा चुकला तर साहेब दोन शब्द बोलतो आणि विषय मिटतो. पण मासा चुकला तर ती गोष्ट नातवंडांच्या लग्नापर्यंत निघते. मनमोहन धैर्यवानांच्या एका चुलत्यांनी कोणे एके काळी कुणाच्या तरी बारशाला शिळी कोळंबी आणली होती. चुलते गेले, बारशातलं बाळ पेन्शनीत निघालं, तरी ज्ञातीत कुठे नवी ओळख झाली की समोरचा गृहस्थ डोळे बारीक करून विचारतो, "धैर्यवान म्हणजे त्या कोळंबीतले का?" अशा घराण्यातल्या माणसानं आपल्या नावासकट एक मासा भर रस्त्यावरच्या भिंतीवर टांगून घ्यायला कबूल व्हावं, याला धैर्य लागतं. मनमोहनरावांचं धैर्य तर आडनावातच संपलेलं होतं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर एका बंद पडलेल्या वखारीची लांबलचक भिंत होती आणि त्या भिंतीला दोन पाळ्यांत काम होतं. रात्री समितीची पोरं तिच्यावर हातभर अक्षरांत 'मुंबई आमचीच' लिहीत आणि सकाळी सरकारी चुनेवाले येऊन तिला पांढरी करत. चुन्यावर रंग आणि रंगावर चुना चढत चढत भिंत इतकी जाड झाली, की गल्ली अरुंद झाल्याची तक्रार व्हिक्टोरियावाले करू लागले.

यावर तोडगा काढला वाचनालयाच्या हेरंब मास्तरांनी. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण फळ्यापासून निवृत्त व्हायला त्यांचा जीव तयार नव्हता. त्यांनी ठरवलं, की भिंतीवर प्लायवूडच्या फळ्या लावायच्या. प्रत्येक फळीवर आपल्या भागातल्या एका कवीची कविता आणि तिच्याखाली आर्ट स्कूलच्या एका विद्यार्थ्यानं काढलेलं चित्र. एका कवीला एक चित्रकार, नाव दोघांचं. पोलिसांना वाटलं, चला, घोषणा थांबल्या. समितीवाल्यांना वाटलं, चला, मराठीचा झेंडा भिंतीवर लागला. मास्तरांना वाटलं, चला, आपली तुळशीवरची कविता अखेर लोकांना चुकवता येणार नाही. ज्या कामात सगळ्यांचंच समाधान होतं ते काम पुढे हमखास गोत्यात येतं, पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मनमोहनराव फोर्टातल्या एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते आणि संध्याकाळी कवी. त्यांच्या कविता मासिकांकडे जायच्या आणि साभार परत यायच्या; पोस्टमनला त्या तोंडपाठ झाल्या असाव्यात. भिंतीसाठी त्यांनी दिलेली कविता 'सरंगा' नावाची होती. लहानपणी वडील बोट धरून बाजारात न्यायचे, ताजा सरंगा कसा ओळखायचा ते शिकवायचे, एवढाच तिचा विषय. यमक औषधालाही नव्हतं. मास्तरांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"धैर्यवान, हे काव्य आहे की बाजारहाट?"

"मुक्तछंद आहे, मास्तर."

"छंद असता तर मुक्त केला असता. इथे काय मुक्त केलंत?"

पण गल्लीत कवी कमी पडत होते. लालबागहून आनंदा नावाचा गिरणीत काम करणारा एक कवी उसना आणावा लागला होता. तेव्हा नाक मुरडत का होईना, सरंगा पास झाला.

आता मनमोहनरावांची खरी अडचण सांगायला हवी. त्यांच्या उर्मिलेचं लग्न दादरच्या सेंजितांकडे जवळजवळ ठरत आलं होतं. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. शशिकांतराव सेंजित हे ज्ञातीतलं माशाचं हायकोर्ट. त्यांनी उर्मिलेला गाणं येतं का, विणकाम येतं का, काही म्हणून विचारलं नव्हतं. पानात वाढलेलं माशाचं भुजणं निमूटपणे जेवले, हात धुतला आणि उंबऱ्यातून म्हणाले, "तुम्ही कवी आहात म्हणे. माशावर लिहिलंय म्हणे. भिंत लागली की येतो बघायला. मग सांगतो."

"म्हणजे आता उर्मिलेचं लग्न तुमच्या कवितेवर अडलं," मनमोहनरावांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई त्या रात्री म्हणाल्या. "जन्मात एकदा तरी तुमच्या कवितेची कुणी वाट बघतंय म्हणायची."

मनमोहनरावांना कवितेची काळजी नव्हतीच. काळजी होती माशाची.

कवी आणि चित्रकार यांच्या जोड्या लावायला मास्तरांनी चिठ्ठ्या टाकल्या. पंचपात्रीत हात घालून एकेक नाव काढलं. ज्याचं बालपण मालवणच्या किनाऱ्यावर गेलं होतं अशा धिप्पाड विद्यार्थ्याला मास्तरांची तुळस आली, आणि सरंगा गेला सुमती पाध्येकडे. सुमतीच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबायचा. तिची आजी मासळीबाजाराच्या बाजूचा फुटपाथदेखील चालत नसे. पोरगी मात्र चुणचुणीत, हातात पेन्सिल आली की जग विसरणारी. तिनं कविता मन लावून वाचली आणि दुसऱ्याच दिवशी कच्चं चित्र घेऊन आली.

मनमोहनरावांनी ते उजेडात धरून बघितलं. चित्रातला मासा गुबगुबीत होता. त्याला पापण्या होत्या. तो हसत होता. शेपटी वर वळवून तो लाटेवर असा काही उभा होता, की डोक्यावर मुकुट तेवढा ठेवायचा राहिला होता.

"सुमतीबाई, हा मासा कुठे पाहिलात?"

"पंचांगात, काका. मीन राशीत."

मनमोहनरावांच्या डोळ्यांपुढे सेंजितांचा चेहरा आला. धैर्यवानांच्या कवितेखाली पंचांगातला मासा! कोळंबीची गोष्ट याच्यापुढे बाळबोध ठरली असती.

साधा उपाय होता, जोड्या बदलायच्या. तुळस सुमतीला द्यायची आणि सरंगा त्या मालवणकराला. पण मोर्च्यांचे दिवस असल्यामुळे फळ्यांना पोलिसांची परवानगी काढलेली होती आणि तीत कुठला चित्रकार कुठल्या कवीचा हेही टाईप झालेलं होतं. मनमोहनराव चौकीवर गेले. फौजदार तरुण होता, मराठीच होता, आणि त्याच्या टेबलावर भिंतीच्या सगळ्या कविता तांबड्या पेन्सिलीसकट पडल्या होत्या.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "तुमच्या कवितेबद्दल विचारायचंच होतं. यात 'घाई करू नकोस' असं आहे. हे कुणाला उद्देशून? समितीला की सरकारला?"

"मला."

"म्हणतंय कोण?"

"माझे वडील."

"ते कुठे असतात?"

"वारले."

"मग हरकत नाही," फौजदारानं खूण केली. "आणि सरंगा म्हणजे कोणी पुढारी वगैरे नाही ना?"

"मासा आहे साहेब. निव्वळ मासा."

"नक्की ना? अहो, हल्ली कवी विरह लिहितो आणि लोक त्यात मुंबई शोधतात. परवा एकानं वासराची आणि गाईची ताटातूट म्हणून दाखवली, तर सभेत टाळ्या थांबेनात."

जोड्या बदलण्याचं म्हटल्यावर मात्र त्यानं हात जोडले. नाव बदललं की नवा अर्ज, नवा अर्ज वरच्या हापिसात, आणि वरचं हापिस तूर्त मोर्च्यांत गुंतलेलं. "त्यापेक्षा मुलीला मासा शिकवणं सोपं जाईल," फौजदार म्हणाला. तो बोलला ते खरं होतं आणि म्हणूनच मनमोहनरावांना त्याचा राग आला.

बातमी चाळीत पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या कमलाबाईंनी सुचवलं, की टोपलीवर फडकं झाकलेलं दाखवावं, मासा आत आहे असं समजून घेतील लोक. समोरच्या बिऱ्हाडातल्या वकिलांनी मासा कसाही निघो, खाली ठळक अक्षरांत 'हा सरंगा आहे' असं लिहून टाकण्याचा कायदेशीर सल्ला दिला. एकानं तर सरंग्याच्या जागी कमळ घालून बघा म्हटलं, अक्षरं तेवढीच भरतात. लालबागचा आनंदा फळ्या कधी आणायच्या ते विचारायला आला होता, त्यालाही हे कळलं.

"काका, तुमी उगाच भियातास," तो म्हणाला. "पोरीन कधी मासो बघूकच नाय, तर ती काढतली काय? एकदा ताजो सरंगो तिच्या म्होरं ठेवा. आपसूक जमतला."

मनमोहनरावांनी आधी सभ्य मार्ग पत्करला आणि सुमतीला चौपाटीपलीकडच्या मत्स्यालयात नेलं. तिथे ती रमली. झालरीवाले, पट्ट्यापट्ट्यांचे, पंख हलवणारे मासे तिनं भराभर कागदावर उतरवले. सरंगा काही तिथे नव्हता. सरंगा ही काचेपलीकडून बघायची वस्तू नाही, हे मनमोहनरावांना कळायला हवं होतं. परत येताना सुमती म्हणाली, "काका, तुमच्या कवितेतला मासा पोहत का नाही?"

"तो बाजारात आहे ना. टोपलीत."

"म्हणजे... मेलेला?"

"ताजा," मनमोहनराव म्हणाले. या दोन शब्दांत केवढं अंतर आहे ते त्या मुलीला कसं समजावावं हे त्यांना कळेना.

शेवटी आनंदाचाच सल्ला मानायचा ठरला. पण सरंगा ठेवायचा कुठे? सुमतीच्या घरी नावच नको. धैर्यवानांच्या घरी ठेवला तर राजलक्ष्मीबाई तो तळल्याशिवाय राहणार नाहीत, हा अनुभव. राहिली वाचनालयाची मागची खोली. वाचनालयाच्या नियमांत मासा आणू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण असं काही कुणाला सुचेल हेच नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मास्तरांना न सांगता शनिवारची सकाळ ठरली. मनमोहनराव भल्या पहाटे बाजारात गेले आणि आयुष्यात कधी निवडला नसेल असा सरंगा निवडून, पिशवीत घालून, मागच्या दारानं वाचनालयात शिरले. लग्नाची मुलगी दाखवायला नेतानाही ते एवढे जपून चालले नव्हते.

"धोंडू, थोडा बर्फ मिळेल का रे?" त्यांनी वाचनालयाच्या गड्याला विचारलं.

"हाय की. मागच्या खोलीत लादी पडलीया गोणपाटात," धोंडू सतरंज्या उचलता उचलता म्हणाला आणि पुढे गेला.

लादी होती. मनमोहनरावांनी तिच्यावर केळीचं पान अंथरलं आणि पानावर सरंगा निजवला. सुमती नाकाला कापराचा रुमाल लावून आली. पहिल्यांदा ती पांढरीफटक पडली. मग स्टुलावर बसली. मग रुमाल थोडा खाली आला.

"काका, हा माझ्याकडे बघतोय."

"बघू दे. ताज्याची तीच खूण आहे."

तिनं डोळा काढला. तो बरा आला. मग कल्ला कसा उघडून बघतात ते मनमोहनरावांनी दाखवलं आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बदलला. अंगठा कुठे ठेवायचा, जोर किती द्यायचा, मासा दुखावल्यासारखा धरायचा नाही, असं वडील सांगायचे ते सगळं ते सांगत गेले. सुमती कागद सोडून त्यांच्याकडेच बघत राहिली. तेवढ्यात रे रोडहून फळ्यांची हातगाडी घेऊन आनंदा आल्याची हाक आली म्हणून मनमोहनराव बाहेर गेले. सुमतीही पानाचं टोक सरंग्यावर दुमडून डोळ्यांवर पाणी मारायला नळाकडे गेली.

फळ्या उतरवून घेऊन मनमोहनराव परतले तर सरंगा पानासकट वर्तमानपत्रावर पडला होता आणि त्याच्याखालची लादी गायब होती.

पुढच्या दिवाणखान्यातून बांगड्यांची किणकिण ऐकू आली आणि मनमोहनरावांना तिथी आठवली. चैत्र चालू होता. मास्तरांच्या पत्नी दुर्गाबाईंचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्याच दिवशी वाचनालयात होतं. आंब्याची डाळ, हरभऱ्याची ओटी, आणि पन्हं. थंडगार पन्हं. लादी त्या पन्ह्यासाठी आली होती. धोंडूला केळीचं पान दिसलं, त्याच्यात काहीतरी झाकून ठेवलेलं दिसलं, त्यानं ते पानासकट सोवळ्यातल्या वस्तूसारखं अलगद बाजूला ठेवलं आणि बर्फ घेऊन गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते मनमोहनरावांचं, आणि आता ते पितळी टोपात विरघळत होतं.

गिरगावातल्या निम्म्या शाकाहारी घरांच्या सवाष्णी तिथे बसल्या होत्या. सुमतीची आजीसुद्धा! पन्ह्याचा एक घोट घशाखाली गेला की भिंत गेली, वाचनालय गेलं, आणि पुढच्या तीन पिढ्या धैर्यवान म्हणजे ते पन्ह्यातले. सेंजितांचा विषयच सोडा. मनमोहनरावांनी सरंगा पिशवीत कोंबला, पिशवी उराशी धरली, आणि जिथे पुरुषानं डोकावायचंही नसतं अशा हळदीकुंकवात ते धाडकन शिरले.

दुर्गाबाईंनी ओगराळं टोपात घातलं होतं.

"थांबा!" मनमोहनराव ओरडले.

सगळ्या बायकांनी त्यांच्याकडे बघितलं. आता कारण सांगायला हवं होतं. खरं सांगावं तर मुलखाची बदनामी, खोटं सांगावं तर सुचायला हवं. वीस वर्षं कविता करणाऱ्या माणसाला त्या क्षणी एक शब्द सुचला नाही. मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी केलं नव्हतं: धोतर सावरत, पिशवी न सोडता, त्यांनी टोपाला लाथ मारली. टोप लवंडला, पन्ह्याचा लोट गौरीच्या चौरंगापर्यंत गेला, आणि त्या लोटात पाय घसरून मनमोहनराव आडवे झाले. पिशवी तेवढी छातीवर शाबूत राहिली.

बायकांचा एकच गलका झाला. गल्लीच्या तोंडाशी मोर्च्यासाठी बंदोबस्त होताच. दंगल इथूनच सुरू झाली अशा समजुतीनं फौजदार दोन शिपायांसह आत आला. "प्यायलेत हो!" कुणीतरी म्हणालं. दारूबंदीच्या त्या दिवसांत हे म्हणणं म्हणजे गंमत नव्हती. मनमोहनरावांना कोठडी दिसली, नोकरी गेलेली दिसली, आणि सगळ्यात स्पष्ट दिसले ते दादरला पान खात बातमी ऐकणारे शशिकांतराव सेंजित.

"हा करा," फौजदार वाकून म्हणाला.

मनमोहनरावांनी हा केला. फौजदारानं वास घेतला, भुवया वर गेल्या, मग त्यानं पिशवीचं तोंड बोटानं उघडून आत पाहिलं. मग सांडलेल्या पन्ह्याकडे पाहिलं. त्यातल्या बर्फाकडे पाहिलं. आणि दाराशी वही घेऊन उभ्या असलेल्या सुमतीकडे पाहिलं. फौजदार हुशार होता. त्यानं पिशवीचं तोंड काळजीपूर्वक बंद केलं.

"प्यालेले नाहीत," त्यानं मोठ्यानं जाहीर केलं. "घसरलेत. आणि पिशवीत कवितेचं सामान आहे. सरकारनं मंजूर केलेलं."

मनमोहनरावांनी त्याचे पाय धरले नाहीत ते केवळ हात मोकळे नव्हते म्हणून. कपड्यांवरून गुळाचं पाणी निथळत, हात चिकट, असे ते भर दुपारी गल्लीतून घरी गेले आणि दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून लोक बघत राहिले. राजलक्ष्मीबाईंनी दार उघडलं, त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, पिशवी हातातून काढून घेतली आणि सरंगा तळला. "एवढ्या सगळ्यात याचा काय दोष?" असं त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी फळ्या लागायच्या होत्या. सुमतीचं चित्र आलं नव्हतं. ते अगदी शेवटी, गुंडाळी करून काखेत मारून ती स्वतःच घेऊन आली.

"काका, मला मासा जमला नाही," ती म्हणाली. "चार-पाचदा काढला. तो मासाच होतो, सरंगा होत नाही. मग मी जे नीट पाहिलं होतं तेच काढलं."

तिनं गुंडाळी उलगडली. चित्रात मासा नव्हताच जवळजवळ. एक माणूस होता. त्यानं एक पिशवी दोन्ही हातांनी उराशी धरली होती आणि पिशवीतून फक्त शेपटी बाहेर आली होती. माणसाच्या चेहऱ्यावर अशी काही भीती होती आणि असं काही प्रेम होतं, की मनमोहनराव बघतच राहिले. तो चेहरा त्यांचा होता. पण त्यांना त्यात वडील दिसले. पावसाळ्यात भिजत, मासा मात्र कोरडा ठेवून घरी येणारे वडील. इतकी वर्षं फोटोतही जे सापडले नव्हते ते त्या पोरीच्या कागदावर सापडले.

"आजीला मी सगळं सांगितलं," सुमती हळूच म्हणाली. "चित्र बघून कळणारच होतं. आधी ती घाबरली. मग म्हणाली, त्या माणसानं स्वतःची अब्रू सांडली पण आपला धर्म सांडू दिला नाही. तिनं दुर्गाकाकूंनाही तसंच समजावलंय."

आणि खरोखरच दुर्गाबाई समोरून आल्या, त्यांच्या हातात झाकलेला तांब्या होता. "पन्हं आहे," त्या मान वळवून म्हणाल्या. "नव्या बर्फाचं." मागे मास्तर उभे होते. ते फळीचा खिळा तपासत होते. मनमोहनरावांच्या मनावरचं एक मणाचं ओझं तिथेच उतरलं. दुसरं मात्र व्हिक्टोरियातून उतरत होतं.

शशिकांतराव सेंजित काळी टोपी, लांब कोट, हातात काठी अशा थाटात भिंत बघू लागले. मास्तरांच्या तुळशीपाशी क्षणभर थांबले, "मंजिऱ्या बऱ्या आहेत," म्हणाले. आनंदाच्या फळीपाशी मान डोलावली. मग सरंग्यापाशी आले. राजलक्ष्मीबाईंनी उर्मिलेचा हात धरला. आनंदा, फौजदार, मास्तर, सगळे आपापलं काहीतरी करत असल्याचं दाखवत उभे राहिले. शशिकांतराव वाकले, शेपटीच्या अगदी जवळ नाक नेलं आणि तसेच राहिले.

"सरंगा," ते सरळ होत म्हणाले. "हलवा नव्हे. शेपटीची खालची पात लांब काढलीय. कुणाचं काम?"

सुमती पुढे झाली. आडनाव ऐकल्यावर शशिकांतरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि तिला नमस्कार केला. मग मनमोहनरावांकडे वळले. "कविता वाचा. चष्मा घरी राहिलाय."

"पण शेपटी तर..."

"मासा बघायला मला चष्मा लागत नाही. वाचा."

आजवर मनमोहनरावांना कुणी कविता वाचायला सांगितली नव्हती. बाजार, टोपल्या, पहाटेचे दिवे, असं वाचत ते शेवटापर्यंत आले:

"बाबा, तुम्ही बोट धरून मला बाजारात नेलंत,
माणसांचं काही सांगितलं नाहीत,
माशांचं सगळं सांगितलंत.
डोळा बघ, कल्ला बघ, घाई करू नकोस.
एवढ्यावरच अजून माझं चाललंय."

मास्तरांनी यमक विचारलं नाही. शशिकांतरावांनी भिंतीकडे बघतच विचारलं,

"वडील कधी गेले?"

"उर्मिला दोन वर्षांची होती."

"मग तुम्ही हे पुढे कुणाला शिकवलंत?"

"तिलाच," मनमोहनराव म्हणाले. "मुलगा नाही मला. रविवारी तीच यायची बोट धरून."

"आधी काय बघते? कल्ला?"

मनमोहनराव उत्तर देणार तोच मागून उर्मिला बोलली, "नाही. आधी डोळा. कल्ल्याला रंग लावतात कधीकधी."

शशिकांतरावांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग ते राजलक्ष्मीबाईंकडे वळले.

"वहिनी," ते म्हणाले, "भटजींना बोलवा."

मनमोहनरावांना भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.